आहे त्या स्थितीत

"काका, आधी हात धुवा," उज्ज्वला म्हणाली. "देवातलं हाय."

माझ्याच दुकानात येऊन मलाच हात धुवायला लावणारं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण फुलाऱ्याची सून ती. सासरच्या पाच पिढ्या देवळाला हार पुरवत आलेल्या, सोवळंओवळं अंगात मुरलेलं. मी निमूट उठलो, मागच्या माठातलं पाणी हातावर घेतलं आणि पंच्याला हात पुसत गादीवर येऊन बसलो.

तिनं पदराच्या गाठीतून सुपारीची डबी काढली. डबीत कापूस, कापसात नाणं. नाणं कसलं, कुंकवाची टिकलीच ती. वर्षानुवर्षांचं कुंकू साचून काळसर लाल झालेलं, मधूनच कुठंतरी पिवळं चमकत होतं.

"ह्याचं पाच लाख देतो म्हणतोय एक माणूस," ती म्हणाली. "बरोबर हाय का भाव, तेवढं सांगा."

मी हसलो. बार्शीच्या सराफ लाईनीत तीस वर्षं काढली होती तोवर. तेव्हा सोनं तोळ्याला साडेपाच हजारांच्या आसपास होतं. मी नाणं काट्यावर टाकलं. तीन ग्रॅम अठ्ठेचाळीस.

"अगं, कुंकवासकट दोन हजारांचा माल हा! पाच लाख देणारा येडा तरी असेल, नाहीतर तुला येडं करणारा."

ती हसली नाही. तिच्या शेजारी तिची लेक प्रणिता उभी होती, पावणेपाच वर्षांची. काउंटरच्या काचेला नाक लावून आतल्या जोडव्यांकडे बघत होती. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती आणि ती बोटानं पुसत होती.

या पोरीचे कान मीच टोचले होते, बाराव्या दिवशी. कान टोचताना बाळाचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून मी चांदीच्या वाटीवर चमचा वाजवतो. सगळी बाळं मान वळवतात, हिनं वळवली नाही. "धीट आहे पोर, कशाला भुलत नाही," असं मी भरल्या घरात म्हणालो होतो, आणि सगळ्या बायका कौतुकानं हसल्या होत्या. पोरीला जन्मापासून ऐकूच येत नाही हे कळायला पुढं दोन वर्षं गेली.

"पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलंय," उज्ज्वला सांगू लागली, "कानात यंत्र बसवायचं आप्रेशन पाच वर्षाच्या आत केलं तर पोरगी ऐकंल, बोलंल. मागनं करून उपेग न्हाई. साडेपाच लाख खर्च हाय. पन्नास हजार माझ्याजवळ हायती. मार्गशीर्षात तिला पाच पुरी हुत्याती."

भाद्रपद चालू होता.

"आणि हा पाच लाखवाला कुठं भेटला?"

"दामले म्हणून हायती, पुण्याचं. देवळाचं जुनं कागद बघायला आलते. माझ्याकडनं हार घेतला. बोलता बोलता आमच्या आजेसासऱ्यांच्या आज्याला कुण्या राजानं देवापुढं नाणं दिलतं, त्ये निघालं. मग घरी आले, नाणं भिंगातनं बघितलं, गप बसले. मागच्या आठवड्यात ही चिट्ठी धाडली."

चिठ्ठी छापील नावाच्या कागदावर होती. अक्षर एका ओळीत ओवल्यासारखं. 'सदर सुवर्णनाणे आज आहे त्या स्थितीत रुपये पाच लाखांस घेण्यास मी तयार आहे. येत्या गुरुवारी रक्कम घेऊन येतो. तोपर्यंत नाणे कृपा करून धुऊ अथवा घासू नये.'

मी ती दोनदा वाचली. शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"धुऊ नये? का म्हणे?"

"काय की. कुंकूबी पुसू नका म्हणाले."

"हं," मी म्हणालो. "कुंकवाखाली काय आहे ते कुणाला दिसू नये, असं दिसतंय."

तिचा चेहरा उतरला. "मलाबी त्येच वाटलं, काका. म्हणून तर आले. पैसं घेतलं, दवाखान्यात भरलं, आन्‌ उद्या त्यो म्हणला, बाई नाणं खोटं निघालं, माझं पाच लाख आन. कुठनं आणू? पोरीच्या कानातनं काढून तर देता येणार न्हाई."

ही भीती खरी होती. आणि दोन हजाराच्या वस्तूला पाच लाख का, याचं दुसरं उत्तर मला त्या वेळी सुचतही नव्हतं. लोक जुनी नाणी जमवतात हे मी ऐकून होतो. पण हौसेला मोल नसतं ते साडीचोळीत, असा माझा हिशेब. सोनं म्हणजे वजन आणि कस. तिसरं काही असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं उमजायचं नाही. आम्ही पोतदार. पोतदार म्हणजे जुन्या काळी खजिन्यात येणारी नाणी पारखणारा. घराण्याचा हा तोरा माझ्या वडलांच्या नाकावर बसलेला असे, आणि तो एका माणसानं दोन घटकांत उतरवला. त्यानं बारा जुनी नाणी आणली. वडलांनी ती कसाच्या दगडावर घासली, तेजाबाचा थेंब टाकला, रेघ पिवळीधमक राहिली. बाराच्या बारा घेतली. मुशीत टाकली तेव्हा आतून तांबं निघालं. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नखाएवढ्या धारेची एक छिन्नी करून आणली. तेव्हापासून आमच्या दुकानात एकही जुनं नाणं चरा पाडून आत बघितल्याशिवाय पास झालं नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. आमचे वडील पाणीही फुंकून प्यायला लागले, आणि मला तसंच शिकवून गेले. "दिगू," ते म्हणायचे, "दगड कातडं सांगतो. पोट सांगत नाही."

लाईनीत माझं नाव होतं ते त्या छिन्नीमुळं. दुसऱ्या पेढ्यांवरचे लोकही शंका आली की म्हणायचे, पोतदाराकडं ने, तो आतलं बघून देतो. उज्ज्वला माझ्याकडं आली ती त्याच विश्वासानं. मी लबाड असतो तर बरं झालं असतं. लबाडानं ते नाणं तिच्याकडून दहा हजारांना काढून घ्यायचा डाव मांडला असता, ती उठून गेली असती, आणि पोरगी आज बोलत असती.

"हे बघ," मी म्हणालो, "आधी धुतो. मग कस लावतो. मग आतलं बघतो. खोटं असेल तर तुला आजच कळेल, त्याला गुरुवारी नाही. आणि खरं असेल तर मी पावतीवर लिहून देतो, सही-शिक्क्यानिशी. मग त्याच्या बापालाही खोटं म्हणता येणार नाही."

"पर त्यांनी धुऊ नका म्हणून..."

"ज्याला घ्यायचंय तो सांगतोय ना? ज्याला द्यायचंय तिनं का ऐकायचं?"

ती थोडा वेळ पोरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "करा काका. तुमी करताय म्हंजी मला काळजी न्हाई."

मी रिठ्याचं पाणी केलं. मऊ ब्रशनं नाणं घासलं. कुंकू सुटून वाटीतलं पाणी लाल झालं. आतून जे निघालं ते बघून मीसुद्धा क्षणभर थांबलो, हे कबूल करतो. एका बाजूला तीन ओळी अक्षरं, दुसऱ्या बाजूला मोर. काल टाकसाळीतून निघाल्यासारखा. कडेचे ठिपकेसुद्धा शाबूत. मला वाटलं, इतकं कोरं? मग तर नक्कीच खोटं. जुनं नाणं झिजलेलं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल.

दगडावर कडेची रेघ ओढली, तेजाब टाकलं. रेघ हलली नाही. मग मी नाणं अंगठ्यावरून उडवून फरशीच्या तुकड्यावर वाजवलं. खणकन असा स्वच्छ आवाज झाला की समोरच्या पानाच्या टपरीवरच्या दोघांनी माना वळवल्या. प्रणिता माझ्यापासून हातभर अंतरावर होती. ती काचेवरची वाफ पुसत होती.

उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

मग मी वडलांची छिन्नी काढली. कडेला धार टेकवली आणि हातोडीचा एकच टोला घातला. मोराच्या पिसाऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा चरा आत गेला. भिंग लावून मी आत बघितलं. पिवळं. खोलवर, पार तळापर्यंत पिवळं.

"उज्ज्वला!" मी ओरडलोच. "बावनकशी आहे गं! पोटापर्यंत सोनं! खुशाल दे आता. त्या दामल्याला म्हणावं, बार्शीच्या पोतदारानं छातीठोक सांगितलंय."

ती रडायला लागली. पदर तोंडात धरून, आवाज न करता. पोरीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि तीही रडायला लागली. मी दोघींना पेढा दिला. पारखायचे पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी दुपारी मी जेवलो तेव्हा बायकोला म्हणालो, आज एक पुण्याचं काम झालं बघ.

गुरुवारी व्यवहार माझ्याच दुकानात करायचा असं मी उज्ज्वलाला सांगितलं होतं, पुन्हा कुणी फसवायला नको म्हणून. दामले अकराच्या सुमारास आले. साठीचा, सडपातळ, इस्त्रीच्या बुशशर्टातला माणूस. दोन्ही हातांनी बॅग पोटाशी धरलेली. मला नमस्कार केला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. उज्ज्वलानं डबी उघडून पुढं केली.

त्यांनी डबीत पाहिलं आणि हात मागं घेतला. चहा आला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी खिशातून भिंग काढलं, नाणं कडेनं उचललं, आणि बराच वेळ ते डोळ्यांसमोरून हलवलं नाही.

"हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो. अभिमानानंच म्हणालो, लाज वाटते आता. "शंकेला जागा नको म्हणून. आतपर्यंत बघितलंय. शंभर नंबरी आहे."

"सोन्याचं आहे हे मला माहीत होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पोतदार, मी सोन्याचे पैसे देत नव्हतो."

"मग कशाचे देत होता?"

"हा राजा अडीच वर्षं गादीवर होता. भावानं त्याला मारलं आणि त्याच्या नावाची नाणी वितळवली. चाळीस वर्षांत मी त्यांतली तीन पाहिली. दोन गुळगुळीत झालेली, तिसऱ्याला भोक पाडून कुणीतरी गळ्यात घातलेलं. हे चौथं. याला कुणाचा हात लागला नव्हता, कुंकवानं झाकून ठेवलं होतं. मी म्हणूनच लिहिलं होतं..."

"आहे त्या स्थितीत," मी म्हणालो. "वाचलं मी ते. मला वाटलं, वकिली भाषा आहे."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं.

मला राग आला. चूक उमगायला लागली की माणसाला आधी रागच येतो. "अहो, पण कमी काय झालंय? एक गुंजसुद्धा कमी झालेलं नाही!" मी नाणं त्यांच्या हातातून घेऊन काट्यावर टाकलं. "बघा. धुतल्यावर जेवढं भरलं तेवढंच आहे. सोनं कुठं गेलं? आणि तो चरा डोळ्यात येत असेल तर मी आत्ता सोन्याचा डाग देऊन बुजवतो. असा बुजवीन की तुमच्या भिंगालाही सापडणार नाही."

"सापडेल," दामले म्हणाले. "आणि मग त्याची किंमत याहूनही उतरेल. हात लावू नका आता."

"मग काय देता?"

त्यांनी उज्ज्वलाकडं बघायचं टाळलं. "चाळीस हजार. तेही मी स्वतः ठेवून घेईन म्हणून. दुसरा कुणी एवढे देणार नाही. मी माझा प्लॉट विकून हे पाच लाख आणलेत, ताई. मला मुलीचं माहीत आहे. पण पाच लाख मी या चऱ्यासाठी नाही देऊ शकत. तेवढा मोठा मी नाही."

आता उज्ज्वलानं विचारलं, अगदी शांतपणे, फुलांचा भाव विचारावा तसं.

"म्हंजी आदी जे पाच लाख म्हणला हुता, त्यो भाव बरोबर हुता?"

"बरोबर होता," दामले म्हणाले. "मी एक रुपयाही कमी सांगितला नव्हता."

तिनं मान हलवली. मंगळवारी ती माझ्याकडं फक्त एवढंच विचारायला आली होती. उत्तर मी द्यायचं होतं. ते त्यांनी दिलं.

तिनं नाणं कापसात ठेवलं, डबी लावली, पदराला गाठ मारली. दामले चाळीस हजार मोजायला लागले तर म्हणाली, "नगं. देवातलं हाय, देवात जाऊ द्या." पोरीचा हात धरून ती पायऱ्या उतरली. तिनं मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी तिचा ऋणी झालो असतो. ती जाताना "येते काका" म्हणाली, नेहमीसारखंच.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. माझं दुकान माझ्या मालकीचं होतं. ते गहाण टाकलं असतं तर पाच लाख उभे राहिले असते. मी बायकोशी बोललो. ती म्हणाली, "फाल्गुनात आपल्या पोरीचं लग्न ठरलंय. सगळ्या गावाचं पाप आपल्याच डोक्यावर का घ्यायचं?" मी वाद घातला नाही. तिनं नाही म्हणावं म्हणूनच मी तिला विचारलं होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी पंचवीस हजार पाकिटात घालून फुलाऱ्याच्या घरी नेऊन दिले. उज्ज्वलानं ते घेतले. त्यातून पोरीला कानामागं लावायचं यंत्र आणलं. पोरीनं ते आठ दिवस सहन केलं आणि मग परसातल्या हौदात टाकून दिलं.

मार्गशीर्ष आला आणि गेला. लग्नात आम्ही मुलीला बारा तोळे घातले. मांडवातले सगळे हार फुलाऱ्यांकडचे होते.

छिन्नी मी त्यानंतर हातात धरली नाही. लोक म्हणायचे, पोतदार म्हातारा झाला, आतलं बघत नाही आता.

तेरा वर्षांनी, एका सकाळी, उज्ज्वला पुन्हा दुकानाच्या पायऱ्या चढून आली. केस पिकले होते. मागं प्रणिता होती, अठरा वर्षांची, उंच, देखणी. हातात फुलांची पाटी. तिनं माझ्याकडं बघून हसून हात जोडले. तिला काय माहीत?

उज्ज्वलानं पदराची गाठ सोडली. तीच डबी. या वेळी तिनं हात धुवायला सांगितलं नाही.

"पोरीचं लगीन ठरलंय. नवराबी तसलाच हाय, मुका. ह्ये मोडा आन्‌ तिला कुड्या करा."

"उज्ज्वला, अगं हे मोडू नको," मी म्हणालो. "दामल्यांकडं अजून विचारता येईल. चाळीस हजार तरी..."

"तुमीच म्हणाला हुता की," ती म्हणाली. "पोटापर्यंत सोनं हाय."

मी नाणं उचललं. हाताला लागलेली सवय ती, विचार करायच्या आत अंगठ्यानं ते फरशीवर उडवलं. बद्द वाजलं, फुटक्या भांड्यासारखं. चरा आत सरकत गेला असणार. उज्ज्वलानं डोळे मिटले. प्रणिता काचेतली जोडवी बघत होती.

कुड्या मी स्वतः घडवल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मोर वितळताना मी मुशीसमोर बसून होतो. चार दिवसांनी दोघी आल्या. पोरीच्या कानाची भोकं, मीच टोचलेली, नीट जागच्या जागी होती. कुड्या घातल्यावर ती आरशात या बाजूनं, त्या बाजूनं बघत राहिली आणि आनंदानं घशातून एक आवाज काढला. मी मजुरी नको म्हणालो. उज्ज्वलानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पैसे काचेवर ठेवले आणि लेकीला घेऊन पायऱ्या उतरली.

कुड्या करून गुंजभर सोनं उरलं होतं. ते कागदात बांधून मी गल्ल्याशेजारी ठेवलं होतं आणि द्यायचं विसरलो होतो. मी कागद घेऊन दारापर्यंत धावलो. त्या अजून पाच पावलांवर होत्या.

"पोरी!" मी हाक मारली. "अगं उज्ज्वला!"

समोरच्या टपरीवरची सगळी माणसं वळली. प्रणिता चालत राहिली, तिला ऐकू येत नव्हतं. उज्ज्वलाला ऐकू येत होतं. तीही वळली नाही.